जळालेली केबल फेकू नका, भाऊ

रावेर तालुक्यातल्या एका वाचकभावाचं पत्र आहे. पावसाळ्यात काळ्या मातीत रुतणाऱ्या केळीच्या गाड्या ओढून काढण्यासाठी त्यांनी पिकअपला 12 व्होल्टची, 9,500 पौंड ओढण्याच्या क्षमतेची विंच (दोर गुंडाळून ओढणारं विजेवरचं यंत्र) बसवून घेतली. जुलैत भरलेला ट्रक ओढताना केबलने पेट घेतला आणि बॉनेटखालचं सगळं जळालं. विमा कंपनीने 'परवानगीशिवाय फेरबदल' आणि 'विद्युत बिघाड' ही कारणं देऊन क्लेम नाकारला. विंच बसवणारा म्हणतो, तुम्ही जास्त ओढलं. आता काहीच मिळणार नाही का, असं ते विचारतात.

मिळेल, भाऊ. पण आधी ती जळालेली केबल आणि बॅटरीचे लग (केबलच्या टोकाच्या धातूच्या जोडण्या) जपून ठेवा, गॅरेजवाल्याला भंगारात घालू देऊ नका. तुमची अर्धी केस त्या तांब्याच्या जाडीत आहे.

एवढी विंच रिकामी फिरतानाही साधारण 60-70 अँपिअर खेचते, पूर्ण ताणावर 400 च्या आसपास. म्हणजे जवळपास 4,800 वॅट. पिकअपचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारा भाग) त्यातला थोडाच भाग देतो, बाकीचा भार बॅटरीवर आणि केबलवर. त्यासाठी 35 चौरस मिलिमीटरच्या आसपासची केबल लागते. तुम्ही लिहिता, विंच बसवणाऱ्याने 16 ची टाकली आणि बॅटरीजवळ कटऑफही (वीज तोडणारा स्विच) दिला नाही. हे खरं असेल तर ती सरळ सेवेतली त्रुटी आहे. मात्र विंच सलग चालवायची नसते, मध्ये थंड होऊ द्यावी लागते. मॅन्युअलमधली वेळ तुम्ही ओलांडली असेल, किंवा पैसे वाचवायला बारीक केबल तुम्हीच मागितली असेल, तर वकिलाला आजच सांगा.

आता विमा. पॅकेज पॉलिसीत (आपल्या गाडीचं नुकसानही भरून देणाऱ्या) विद्युत बिघाड वगळलेला असतो, पण आग आणि आपोआप पेट घेणं यांना संरक्षण असतं. विंच नुसती बंद पडली असती तर तो बिघाड. तुमची गाडी पेटली आहे. फेरबदलाचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आरसीतल्या तपशिलात फरक पाडणाऱ्या बदलांबद्दल आहे. विंचने कोणता तपशील बदलला, हे कंपनीने दाखवावं. भाड्याने गाड्या ओढता म्हणून वापराच्या अटीवर त्यांनी बोट ठेवलं, तर सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा अमलेंदु साहू निकाल पुढे करा. तिथे अशाच अटभंगात क्लेम पूर्णपणे नाकारता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. विंचची किंमत मात्र सोडून द्या. ती पॉलिसीत नोंदवून जादा हप्ता भरलेला नाही.

नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार विभागाला पत्र द्या. उत्तर पटलं नाही तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येतं, किंवा दोन वर्षांच्या आत जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात. विंच बसवणाऱ्या दुकानदाराविरुद्धची तक्रार मी वेगळी करीन, कारण दोघांचे करार वेगळे. 'हा धंदा आहे, तुम्ही ग्राहक नाही' असं तो म्हणेल. पण स्वतः राबून पोट भरणाऱ्याला 2019 च्या कायद्याने ग्राहकच मानलं आहे. मोबदला, म्हणजे तुम्ही मोजलेली रक्कम, 5 लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी लागत नाही.

पक्कं बिल नसेल तर यूपीआयची नोंद काढून ठेवा. गाडी दुरुस्तीला देण्याआधी केबलची जाडी दिसेल असे फोटो काढा आणि इलेक्ट्रिकल इंजिनिअरकडून लेखी अहवाल घ्या.