जुन्या गाण्यातलं प्रेम खरं होतं का?

प्रश्न: मी गिरगावची, भावगीतांवर वाढलेली. लेक म्हणते आई, तुमच्या गाण्यातली माणसं नुसती चांदण्यात उभी असतात, खरं प्रेम असं नसतं. आधीच्या काळात प्रेम खरंच एवढं पवित्र होतं का हो?

उत्तर: नाही ताई, आणि लेकीचं निम्मं बरोबर आहे. भावगीताच्या कितीतरी आधी, पेशवाईतल्या शाहिरांच्या लावण्या ऐका, त्यातली बाई सरळ सांगते की नवरा मोहिमेवर गेलाय आणि मला रात्र जात नाही, तिथे देह आहे, रुसवा आहे, लाजणं कमीच. मग इंग्रजी रोमँटिक कविता वाचलेले केशवसुत आले, पुढे रविकिरण मंडळ हा कवींचा गट आला, त्या कवितेतून भावगीत फुललं, आणि ग्रामोफोनच्या ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीनेक मिनिटं मिळायची, त्यात भांडण, संसार कुठे बसणार, एक हुरहुर तेवढी बसायची!

पण भावगीतातलं हे प्रेम खोटं नाही, हे मी ठामपणे सांगते. जर्मनीतला संगीतकार शूमान बघा, त्याची प्रेयसी क्लारा, तिच्या वडिलांचा लग्नाला कडक विरोध, कोर्टापर्यंत गेलं प्रकरण, आणि लग्न झालं त्याच १८४० साली त्याने शंभरावर गाणी लिहिली. त्यातल्याच, कवी हायनेच्या कवितांवरच्या 'डिश्टरलीबं' (Dichterliebe) या गाण्यांच्या मालिकेत शेवटी प्रेमी आपली जुनी गाणी, स्वप्नं सगळी शवपेटीत घालून समुद्रात बुडवायला सांगतो. म्हणजे आदर्श आणि त्याचा भंग, दोन्ही एकत्रच. लेकीला ही मालिका ऐकवा, सोळाच गाणी आहेत, चर्चगेट ते बोरिवली स्लो लोकलमध्ये आरामात होतात.