भिगवणला फ्लेमिंगोचे फोटो सॉफ्ट येतात, १५०-६०० विकून प्राइम घेऊ का?

आत्ता तरी प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, नका घेऊ. तुम्ही लिहिलंय: क्रॉप (लहान) सेन्सरचा कॅमेरा, १५०-६०० मिमी झूम पूर्ण ताणलेली, शटर १/८०० सेकंद, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/६.३, सकाळी दहाच्या सुमाराची बोट, पक्षी बरेच लांब, आणि फ्रेमही रिकामी वाटते. या यादीत लेन्सवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. आधी फोटो संगणकावर १०० टक्के मोठा करून सॉफ्टपणा, म्हणजे अस्पष्टपणा, कुठल्या जातीचा आहे ते बघा.

कडा लहरल्यासारख्या दिसतात आणि एकाच बर्स्टमधल्या (बटण दाबून धरून झटपट काढलेल्या) लागोपाठच्या फ्रेममध्ये चोचीचा आकार थोडाथोडा बदलतो? मग दोष हवेचा. तुमच्या बाबतीत मला हाच मुख्य वाटतो. भिगवणजवळच्या उजनी धरणाचं उथळ पाणी आणि उघडा गाळ तापला की वर वेगवेगळ्या घनतेची हवा ढवळत राहते आणि तिच्यातून येणारा प्रकाश वाकडातिकडा होतो. यापुढे कितीही महागडी प्राइम हतबल. थंडीत पहाटेही कोमट पाण्यावर गार हवा असली की हे होतं, पण सहसा कमी. सूर्योदयाच्या वेळी बोट पाण्यात असू द्या आणि ऊन चढल्यावर लांबच्या पक्ष्यांचा नाद सोडा. जवळचा शेकाट्या किंवा राखी बगळा टिपा.

पाण्यावरच्या चमकीच्या ठिपक्यांच्या रेघा झाल्या असतील, सगळ्या एकाच दिशेला, तर कॅमेरा हललाय. पक्षी मऊ पण पुढची लाट किंवा मागचं गवत लख्ख असेल तर फोकस चुकलाय. डोळा स्वच्छ आणि फक्त पंखांची टोकं पुसलेली असतील तर शटर कमी पडलं. आणि सगळंच पिठूळ, पिसांचा पोत गेलेला दिसत असेल, तर फोटो अंधारा निघून नंतर उजळला गेलाय किंवा बेसुमार क्रॉप झालाय.

बोटीतून १/८०० अपुरंच. उभ्या पक्ष्याला १/१२५०, उडत्या फ्लेमिंगोला १/२०००, नदी सुरयसारख्या चपळ पक्ष्याला १/३२००. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, पक्ष्याची हालचाल थांबवत नाही. मॅन्युअल मोडवर शटर आणि अॅपर्चर ठरवा, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ऑटोवर टाकून कमाल ३२०० ठेवा. या झूम ६००ला पूर्ण उघड्या अॅपर्चरवर बहुधा थोड्या मऊ असतात, एफ/८ला सुधारतात. उजेड असेल तर तेच ठेवा. फ्लेमिंगोची फिकट पिसं चटकन जळतात, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोचा उजळपणा कमी-जास्त करायची सोय) -०.३ ते -०.७ करून हायलाइटची, म्हणजे जळलेल्या भागाची, सूचना लुकलुकते का बघा.

फोकस सतत चालू राहणाऱ्या मोडवर हवा. डोळा ओळखणारी सोय असेल तर ती, नसेल तर एकच पॉइंट थेट डोळ्यावर. क्रॉप सेन्सरवर ६०० मिमी, एफ/६.३ आणि १० मीटर अंतर असेल तर स्पष्ट पट्टा जेमतेम ७ सेंमीचा असतो. पक्षी तुमच्याकडे तिरका उभा असेल तर डोळा आणि शेपटी दोन्ही मिळणार नाहीत. त्यानं पूर्ण कूस दाखवेपर्यंत थांबा.

इंजिन चालू असताना लेन्स बोटीच्या काठावर टेकवू नका, थरथर थेट सेन्सरपर्यंत जाते. नावाड्याला इंजिन बंद करायला सांगा, मग काठावर किलोभर तांदळाची पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेका. यूव्ही फिल्टर काढा. एसी गाडीतून उतरल्यावर बॅग अर्धा तास बंदच ठेवा, नाहीतर काचेवर दव धरतं.

आता फ्रेम. तुमच्या कॅमेरा-लेन्सच्या जोडीवर ६०० मिमीला ५० मीटरवर फ्रेमची रुंदी साधारण २ मीटर भरते, १०० मीटरवर ४ मीटर. फ्लेमिंगो सव्वा ते दीड मीटर उंच. म्हणजे १०० मीटरवरून एकट्याचं पोर्ट्रेट होणार नाही, तिथे थवाच विषय धरा. थव्यात माना एकमेकींवर चढल्या की चित्र गोंधळतं, त्यामुळे दोन-तीन पक्षी सुटे दिसतील आणि एखादा डोकं वर काढेल त्या क्षणासाठी थांबायचं. खाताना त्यांची डोकी पाण्यातच असतात, हा संयम लागतोच. प्रतिबिंब घ्यायचं तर पूर्ण घ्या. चोचीपाशी कापलेलं प्रतिबिंब फार खुपतं. बोटीत उभं राहू नका, तळाशी बसा. कॅमेरा पाण्याजवळ आला की मागचा किनारा दूर जाऊन विरघळतो आणि रिकामी वाटणारी फ्रेम एकदम शांत दिसते. पाण्याची रेषा आडवी हवी, आणि ती पक्ष्याच्या डोक्यातून जाऊ देऊ नका. उडताना मान आणि पाय दोन्ही ताणलेले असतात, तेव्हा ४०० मिमीवर या.

सूर्य पाठीशी घ्या हे सगळेच सांगतात, पण वाराही पाठीशी घ्या. पक्षी वाऱ्याच्या विरुद्ध उडतात, म्हणजे उठले तर तुमच्या दिशेनं येतील. ते आपणहून उठेपर्यंत वाट बघायची. थव्यात बोट घालून उडवून द्यायला नावाड्याला सांगू नका, आणि तो स्वतः निघाला तर थांबवा. खाणं सोडून उठलेला थवा लांब जाऊन बसतो, मग पुन्हा तेच अंतर आणि तीच लहरती हवा.