३८ वर्षांत एकच राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या सॉफ्टबॉल प्रशिक्षक कॅरल हचिन्स यांना एवढे थोर का मानतात?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. मिशिगन विद्यापीठाच्या सॉफ्टबॉल संघाला कॅरल हचिन्स यांनी ३८ हंगामांत एकच राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले, तरी त्यांचा एवढा गौरव का, हा पहिला. आणि सध्या बी.पी.एड. करत असलेल्या तुमच्यासारख्या खेळाडूला पुढे कॉलेज संघाची मुख्य प्रशिक्षक व्हायचे असेल तर काय करावे लागेल, हा दुसरा. दुसऱ्या भागाचे उत्तर माझ्यापेक्षा चांगले देऊ शकणारे लोक येथे पुष्कळ असतील. पहिल्या भागातला ‘एकच’ हा शब्द मात्र मला झोंबला. १९९५ मध्ये ‘एकही नाही’ असे शब्द असलेल्या एका पत्रावर मी सही केलेली आहे.

आधी हचिन्स यांच्याविषयी. त्या १९८५ पासून २०२२ पर्यंत मिशिगनच्या मुख्य प्रशिक्षक होत्या. त्याआधीचे फेरिस स्टेट विद्यापीठातील एक वर्ष धरून त्यांच्या नावावर १,७०७ विजय आहेत. बिग टेन या विद्यापीठांच्या गटाची साखळी त्यांच्या संघाने २२ वेळा जिंकली आणि ओक्लाहोमा सिटीला होणाऱ्या अंतिम आठ संघांच्या स्पर्धेत तो १२ वेळा पोहोचला. विजेतेपद मात्र एकदाच, २००५ मध्ये.

आता ते एक विजेतेपद कसे होते ते पाहा. एनसीएए, म्हणजे अमेरिकेतील कॉलेजांचे खेळ चालवणारी संघटना, तिची महिला सॉफ्टबॉल स्पर्धा १९८२ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून २००४ पर्यंत मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या एकाही विद्यापीठाला ती जिंकता आली नव्हती. करंडक कॅलिफोर्निया, ॲरिझोना, टेक्सास आणि ओक्लाहोमा यांच्याबाहेर गेलाच नव्हता आणि याचे मुख्य कारण हवामान होते. तिकडच्या मुली बारा महिने उन्हात खेळतात. मिशिगन विद्यापीठाच्या गावी, ॲन आर्बरमध्ये, मार्च महिन्यातही मैदानावर बर्फ असू शकतो. त्यामुळे मिशिगनचा संघ हंगामाचे पहिले काही आठवडे स्वतःच्या मैदानावर खेळतच नाही. दर शुक्रवार-शनिवारी दक्षिणेकडच्या कुठल्या तरी राज्यात पाहुणा म्हणून सामने खेळायचे, परत येऊन छपराखाली सराव करायचा आणि अभ्यासही सांभाळायचा, असा त्यांचा फेब्रुवारी आणि बराचसा मार्च जातो. अशा ठिकाणी राहून हचिन्स यांनी २००५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या यूसीएलए विद्यापीठाला अंतिम फेरीत हरवले. पहिला सामना मिशिगनने गमावला होता, दुसरा जिंकला, आणि तिसरा दहाव्या डावापर्यंत गेला तेव्हा सामंथा फिंडले या पहिल्या वर्षाच्या मुलीने तीन धावांचा होमर मारला, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवला. मिशिगनला येऊन मला तेव्हा दोन वर्षे झाली होती. तो सामना मी कँटनमधल्या आमच्या भाड्याच्या घरात टीव्हीवर पाहिला आणि सामना संपल्यावर बराच वेळ रडले. नवऱ्याला वाटले, मला माहेरची आठवण आली. तसे म्हटले तर त्याचे चुकले नव्हते.

मी विदर्भातल्या एका कॉलेजच्या संघात कॅचर, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून पिचरने टाकलेला चेंडू झेलणारी, होते. आमच्या मॅडम त्या कॉलेजमध्ये शारीरिक शिक्षण संचालक होत्या आणि १९ वर्षे मुलींच्या सॉफ्टबॉल संघाला शिकवत होत्या. संध्याकाळी चार वाजता त्या स्वतः फक्कीची पाटी घेऊन मैदानावर येत, बेसच्या रेषा आखत आणि साडेसहाला अंधार पडेपर्यंत आम्हाला सोडत नसत. क्रिकेटच्या मुलांना नवे किट मिळे आणि आम्हाला त्यांचे जुने ट्रॅकसूट, म्हणून मॅडम दरवर्षी प्राचार्यांना अर्ज देत आणि अर्जाच्या स्थळप्रतीवर आवक क्रमांक घातल्याशिवाय कार्यालयातून हलत नसत. मुक्कामाच्या स्पर्धेला मला पाठवायला बाबा तयार नव्हते, तेव्हा त्या तीन वेळा आमच्या घरी आल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी खेळाचा विषयच काढला नाही, आईबरोबर ज्वारीच्या भावाविषयी बोलल्या, चहा घेतला आणि निघताना म्हणाल्या, “सकाळी साडेपाचची एसटी आहे, मी हिच्याच शेजारच्या सीटवर बसणार आहे.” बाबांनी परवानगी दिली.

शेवटच्या वर्षी आम्ही आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामन्यात पोहोचलो आणि एका धावेने हरलो. ती धाव माझ्यामुळे गेली. पिचरने टाकलेला चेंडू फारसा वाईट नव्हता. माझा गुडघा जमिनीला टेकायला उशीर झाला, चेंडू मिटखालून, म्हणजे माझ्या हातमोज्याखालून, मागे गेला आणि तिसऱ्या बेसवरची मुलगी होम झाली. मॅडम मला त्याबद्दल एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि मला वाटते, तेच मला सहन झाले नाही. घरी आल्यावर मी दादाजवळ मॅडमच्या डावपेचांविषयी, पिचर उशिरा बदलण्याविषयी आणि जुन्या पद्धतीच्या सरावाविषयी पुष्कळ बोलले. माझ्या मिटविषयी बोलले नाही. दादा स्वतः क्रिकेट खेळलेला होता आणि संस्थेच्या काही लोकांशी त्याची ओळख होती. त्याने त्या रात्री पत्राचा मसुदा लिहून दिला. त्यातले मुख्य वाक्य असे होते की १९ वर्षांत एकही विजेतेपद न मिळालेल्या संघाला नव्या दमाच्या प्रशिक्षकाची गरज आहे. पंधरा जणींपैकी अकरा जणींनी सह्या केल्या. कर्णधार म्हणून पहिली सही माझी होती.

संस्थेला बहुधा निमित्तच हवे होते, कारण पंधरा दिवसांत एका तरुण सरांची नेमणूक झाली. मॅडमनी मला क्रीडा विभागाच्या खोलीत बोलावले. मला वाटले, आता ऐकावे लागणार. त्यांनी डेडस्टॉक रजिस्टर उघडले आणि ग्लोव्ह्ज, स्लगर (बॅट), चेंडू, मास्क, बेस असे सगळे सामान माझ्यासमोर एक एक करून मोजले. त्यात एका चेस्ट गार्डपुढे ‘स्वखर्चाने’ असे लिहिले होते. तीन वर्षे तो माझ्याच अंगावर होता, आणि तो कॉलेजचा आहे असे मी समजत होते. “कर्णधाराची सही लागते,” असे म्हणून त्यांनी पेन पुढे केले. पत्राचा उल्लेख त्यांनी केला नाही. नव्या सरांनी दोन वर्षे संघ उतरवला, मग त्यांना सरकारी नोकरी लागली आणि तिसऱ्या वर्षी मुलींचा संघ उतरलाच नाही.

यावर दादाचे म्हणणे आजही असे आहे की निर्णय बरोबर होता, अंमलबजावणी चुकली. प्रशिक्षकाला करंडकावर मोजायचे नाही तर कशावर मोजायचे, असे तो विचारतो. माझे उत्तर सरळ आहे: प्रशिक्षक गेल्यावर संघाचे काय होते त्यावर मोजायचे. हचिन्स यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये निवृत्ती जाहीर केली आणि त्याच दिवशी बॉनी थॉल यांचे नाव मुख्य प्रशिक्षक म्हणून जाहीर झाले. थॉल या हचिन्स यांच्याच हाताखाली खेळलेल्या आणि पुढे जवळपास तीन दशके त्यांच्या साहाय्यक राहिलेल्या. मी त्या आठवड्यात मॅडमना फोन केला. त्या आता सत्तरीच्या पुढे आहेत आणि ऐकू थोडे कमी येते. मी सगळे सांगितल्यावर त्यांनी दोनच प्रश्न विचारले: नव्या बाई पूर्वी कुठल्या जागेवर खेळायच्या, आणि साहाय्यक प्रशिक्षकांना तिकडे पूर्ण पगार असतो का.

पगाराचा प्रश्न त्यांनी विचारावा हे मला फार योग्य वाटले, कारण हचिन्स यांच्या कारकिर्दीचा तो अर्धा भाग आहे. मिशिगन स्टेट या दुसऱ्या विद्यापीठात शिकत असताना त्या सॉफ्टबॉल आणि बास्केटबॉल असे दोन्ही खेळ खेळत. १९७६ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेल्या सॉफ्टबॉल संघात त्या होत्या; तेव्हा एनसीएए मुलींच्या स्पर्धा घेतच नव्हती. १९७९ मध्ये मुलींच्या बास्केटबॉल संघाने मुलांच्या तुलनेत मिळणाऱ्या प्रवासाच्या, राहण्याच्या आणि जेवणभत्त्याच्या अन्यायाविरुद्ध स्वतःच्याच विद्यापीठावर खटला भरला, आणि तो खटला हचिन्स यांच्या नावाने ओळखला जातो. शिक्षणसंस्थांत मुलगा-मुलगी भेदाला बंदी करणारा टायटल नाइन हा कायदा १९७२ चा. पण कायदा झाला म्हणून कोणी आपण होऊन खोली किंवा जेवण देत नाही, ते मागावे लागते. त्याच कायद्याची दुसरी बाजू अशी की १९७२ मध्ये अमेरिकेतील कॉलेजांच्या महिला संघांना शिकवणाऱ्यांत ९० टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या, आणि या नोकऱ्यांना पगार व प्रतिष्ठा आल्यावर पुरुष आले. आज स्त्रियांचे प्रमाण निम्म्याहून खाली आहे. आमच्या कॉलेजात ना पगार वाढला होता ना प्रतिष्ठा, तरी सर आले.

येथे दादा माइक कँड्रिया यांचे नाव काढतो. हे नाव मीच त्याला सांगितले, हा माझा मूर्खपणा. कँड्रिया यांनी ॲरिझोना विद्यापीठात ३६ हंगाम काढले, आठ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आणि २००४ मध्ये अथेन्सला अमेरिकेच्या ऑलिम्पिक संघाला सुवर्णपदक मिळवून दिले. त्या संघाने अख्ख्या स्पर्धेत ५१ धावा केल्या आणि एकच धाव दिली. ती स्पर्धा सुरू होण्याच्या काही आठवडे आधी त्यांच्या पत्नीचे अचानक निधन झाले होते, तरी ते संघाबरोबर गेले. अशा माणसाविषयी वाईट बोलण्याची माझी इच्छा नाही आणि पुरुष मुलींना शिकवू शकत नाहीत असेही माझे म्हणणे नाही. पण ॲरिझोनातल्या ट्यूसॉनमध्ये ३६ वर्षे शिकवणे आणि ॲन आर्बरमध्ये ३८ वर्षे शिकवणे यांची तुलना करंडक मोजून करणे म्हणजे बागायतीचा उतारा कोरडवाहूला लावण्यासारखे आहे. विदर्भातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी थोडेसे. अमेरिकेत मुख्य प्रशिक्षकपदाची वाट बहुतेक वेळा साहाय्यकपदातून जाते. हचिन्स स्वतः मिशिगनमध्ये दोन वर्षे साहाय्यक होत्या. तेथे प्रशिक्षकाचा निम्मा जन्म शाळकरी मुलींचे सामने पाहत फिरण्यात आणि त्यांच्या आईवडिलांशी बोलण्यात जातो, आणि ज्यांना हे काम कमीपणाचे वाटते ते टिकत नाहीत. आपल्याकडे तुम्हाला एम.पी.एड. आणि नेट किंवा सेट करावे लागेल, आणि मग परीक्षेच्या ड्यूट्या सांभाळून संघ उभा करावा लागेल. पहिल्या वर्षी डावपेचांच्या मागे लागू नका. दोन चांगल्या कॅचर तयार करा, कारण पिचर सगळेच शोधतात आणि एकाच कॅचरवर हंगाम काढतात. तिचा गुडघा वेळेवर टेकतो की नाही हे रोज पाहा. खेळाडूंच्या घरी जा. प्रत्येक अर्जावर आवक क्रमांक घ्या.

आता काही गोष्टी मान्य केल्या पाहिजेत. मॅडम आणि हचिन्स यांना मी एका ओळीत बसवले, ते पूर्णपणे न्याय्य नाही. हचिन्स यांना पुढच्या काळात चांगला पगार, पूर्णवेळ साहाय्यक आणि स्वतःचे मैदान मिळाले, आणि मोठ्या विद्यापीठाचे नाव पाठीशी होते. मॅडमना एक खोली आणि एक शिपाई होता. दीर्घकाळ एका जागी राहणे हा काही आपोआप गुण होत नाही. वीस वर्षे एकच सराव घेणारे आणि मुलींशी वाईट वागणारे प्रशिक्षकही मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याविरुद्ध पत्र लिहिण्याचा खेळाडूंना पूर्ण हक्क आहे. आणि खरे सांगायचे तर मॅडम पिचर खरोखरच उशिरा बदलत असत. त्या सामन्यात पाचव्या डावात बदल व्हायला हवा होता, असे मला आजही वाटते.

या उत्तराचा दुवा मी दादाला पाठवणार आहे. त्याने खाली प्रतिक्रिया जरूर द्यावी, फक्त ते पत्र सगळ्या मुलींनी मिळून लिहिले होते, असे पुन्हा लिहू नये. तो मसुदा अजून माझ्याजवळ आहे आणि त्यातले अक्षर त्याचे आहे.