पुरात व्हॉट्सॲप असताना एसएमएस कशाला?

‘आजच्या काळात मदतकार्यासाठी एसएमएस कोण वापरतं?’ असं विचारलंय. आम्ही वापरला. ऑगस्ट २०१९, कोल्हापूर जिल्ह्यातला शिरोळ तालुका. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, पाणी ५५ च्या वर गेलेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद. मी जयसिंगपुरात आणि आत्याचं गाव चारी बाजूंनी पाण्यात. तिकडे लाईट नाही, फोन लावला की नुसतं टूं-टूं. तेवढ्यात आतेभावाच्या बटणाच्या मोबाईलवरून मेसेज आला: ‘शाळेची माडी. १४ माणसं, १ बाळंतीण. ३ म्हशी पण. सकाळचे ८. फोन बंद ठेवतोय, १० ला चालू करतो.’

यात काय राहिलं सांगा! तोच मजकूर तहसीलच्या नियंत्रण कक्षात लिहून दिला, दुपारी बोट गेली. (म्हशी मागे राहिल्या, त्यावरून आत्या अजून बोलून दाखवते.)

इकडे पुण्याच्या चुलतभावानं हाच मेसेज व्हॉट्सॲपवर टाकला. वेळ काढून टाकली, ‘जास्तीत जास्त शेअर करा’ जोडलं आणि खाली आतेभावाचा नंबर. बाळंतीण छावणीत पोचली तरी लोकांचे फोन चालूच, ‘बोट पाठवू का?’ बॅटरी त्यातच गेली. भाऊसाहेब मात्र प्रत्येक लग्नात सांगतात, माझ्या फॉरवर्डमुळे माणसं वाचली.

एसएमएसला नेट लागत नाही. कॉल लागत नसतानाही तो बऱ्याचदा जातो, आणि समोरचा फोन बंद असेल तर कंपनीकडे थांबून राहतो, फोन चालू झाला की पोचतो. म्हणून फोन बंद ठेवून बॅटरी वाचवता येते. देवनागरीत एका मेसेजमध्ये ७०च अक्षरं बसतात, काना-मात्राही त्यात धरतात. रोमन लिपीत १६०. आतेभावानं रोमनमध्येच लिहिलं होतं.

आता टॉवरचं डिझेल संपलं तर एसएमएसही गेलाच, हे खरं. नेट असेल तर फोटो, लोकेशन व्हॉट्सॲपवरच पाठवा, माझं काही म्हणणं नाही. पण फॉरवर्ड करायचंच असेल तर तारीख-वेळ काढू नका, माणसं सुटली की ‘सुटली’ म्हणून त्याच ग्रुपवर टाका, आणि नंबर अडकलेल्याचा नको, स्वतःचा द्या. शंभर फोन तुम्हाला येऊ देत. पुण्यात लाईट होती की.