इंग्रजी वाक्प्रचार फ्रेंचमध्ये शब्दशः नेले तर चालतात का? (वेरूळला गाइड होण्यासाठी फ्रेंच शिकतोय)

बहुतेक वेळा नाही. आधी अर्थ पकडा, मग त्या प्रसंगी फ्रेंच माणूस काय म्हणतो ते शोधा. इंग्रजीत पावसात मांजरं-कुत्री पडतात, फ्रेंचमध्ये दोर पडतात: 'इल प्लू दे कॉर्द'. आपल्याकडं मुसळधार पडतो, तसंच. घसा बसला की इंग्रजाच्या घशात बेडूक असतो, फ्रेंचाच्या घशात मांजर. कधीच न होणाऱ्या गोष्टीसाठी इंग्रजीत डुकरं उडतात, फ्रेंचमध्ये कोंबड्यांना दात येतात.

मला सगळ्यात जास्त कामी आला तो किमतीचा. हिमरू शालीचा भाव ऐकून एक पाहुण्या बाई म्हणाल्या, 'सा कूत लेज्यू द ला तेत', म्हणजे डोक्यातले डोळे द्यावे लागतील. इंग्रजीत तिथं एक हात नि एक पाय जातो. हे कानावर पडलं की लगेच वहीत लिहा, प्रसंगासकट.

काही मात्र जसेच्या तसे जुळतात. 'ब्रेक द आइस'ला (अनोळखी माणसांतला संकोच मोडणं) 'ब्रिझे ला ग्लास' बिनधास्त म्हणा. जोडीदार वाक्प्रचार सापडलाच नाही तर साध्या फ्रेंचमध्ये अर्थ सांगा. कैलास लेण्यापुढं उभ्या माणसाला तेवढं पुरतं.