श्रीलंकेला पहिल्यांदा जाताय? आधी महिना सांगा

आठ दिवसांत काय काय पाहायचं याची तुमची यादी वाचली, उत्साह आवडला. पण तेवढ्यात अनुराधापुर, पोलोन्नरुवा, कँडी, गॉल आणि त्रिंकोमाली सगळं कोंबू नका. निम्मी सुट्टी गाडीतच जाईल.

किनारा फोटोवरून नाही, महिन्यावरून ठरवा. नवखे हमखास इथेच चुकतात. डिसेंबर ते मार्च असेल तर दक्षिणेकडचं मिरिस्सा, उनावटुना. मे ते सप्टेंबर तिकडे नैऋत्य मोसमी पाऊस आणि खवळलेला समुद्र, तेव्हा पूर्वेचं त्रिंकोमाली किंवा पासिकुडा.

बाकी पहिल्या खेपेला एवढंच:

- सिगिरिया: पाचव्या शतकातला कश्यप राजाचा कातळावरचा किल्ला. दार उघडताच चढायला लागा, नंतर ऊन सोसवत नाही. पासपोर्ट जवळ ठेवा, सार्क (भारतासह दक्षिण आशियाई) देशांच्या नागरिकांना तिकीट स्वस्त पडतं.
- दांबुल्लाची लेणी: सिगिरियाहून जवळच. अजिंठा आवडत असेल तर इथली रंगवलेली छतं पाहून पाय निघणार नाही, म्हणून घाईत उरकू नका.
- कँडीचं दंतमंदिर, म्हणजे बुद्धाचा दात जपलेलं मंदिर: पूजेची वेळ साधा.

देवळांत खांदे-गुडघे झाकलेले हवेत, आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो अजिबात नको.

तारखा नक्की झाल्या की कळवा, मुक्काम कुठे करायचे ते मग ठरवू.