ऑफिस सीएसएमटीला असेल तर बदलापूरला घर घ्यावं का?

घ्या, पण आधी महिनाभर तिथे भाड्याने राहून बघा. बदलापूर ते सीएसएमटी 68 किमी, फास्ट लोकलला दीड तास धरा, वर स्टेशनपर्यंतची रिक्षा, म्हणजे रोजचे चार तास गेलेच. आणि कल्याणला कर्जत-कसारा लाईन वेगळ्या होतात ना, त्यामुळे बदलापूर किंवा कर्जत गाडी चुकली की पुढची लगेच नसते, खचाखच गर्दीत बॅग पोटाशी धरून उभं राहायचं. पावसाळ्यात उल्हास नदी भरली की अजून हाल, 2019 ला महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली होती. आठवड्यातून दोन-तीन दिवस घरून काम असेल तर बिनधास्त घ्या, हवा छान आहे, मोठं घर मिळतं. पण रोज जायचं असेल आणि मुलं लहान असतील तर ठाणे-मुलुंडला भाड्याचं वन बीएचकेच बरं, पोरं जागी असताना घरी तरी पोचाल.